निकलचं पाणी

१९५१ साली मी जालन्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा मला राहायला खोली मिळाली ती तांबट गल्लीत. खोली दाखवायला आलेल्या शाळेच्या शिपायानं आधीच बजावून ठेवलं होतं, "बाई, हितं सकाळी सहापासून ठोकाठोक असती. आठ दिवस डोकं उठंल, मंग सवय होईल." ठोकाठोक होतीच. पण माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातून हातोडीचा आवाज कधी यायचा नाही. तिथून यायचा तो घासण्याचा आवाज. दुपारी मी वह्या तपासायला बसले की भिंतीपलीकडून तो चालू असायचा, एका लयीत, न थांबता.

ते घर भुजंगराव तांबटांचं. भुजंगरावांचं वय पन्नाशीच्या आसपास, हाडपेर अजून भक्कम, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण आहे ते कळायचं नाही. हातोडी ज्या जागी पडायला हवी तिथं पडेना, दोन घागरी फुटल्या, तेव्हा त्यांनी आपण होऊन काम सोडलं. दिवसभर ओट्यावर बसून असायचे. दोन मुली होत्या, त्या लग्न होऊन सासरी गेलेल्या, एक धावड्याला, एक अंबडकडं. घर चालवत होत्या त्या त्यांच्या बायको, तुळजाबाई.

तुळजाबाई भांडी उजळून द्यायच्या. लग्नकार्याची भांडी, देवघरातल्या समया, पंचपात्र्या. चतुर्थीच्या आधी राजूरच्या गणपतीच्या समया पोत्यात भरून त्यांच्याकडं यायच्या. चिंच, राख आणि विटकरीची पूड, एवढंच त्यांचं सामान. बोटांच्या पेरांना चिंचेनं भेगा पडलेल्या असत, आणि त्या भेगांत राख बसून हातावर काळ्या रेघांची जाळी झालेली असे.

मी राहायला गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात आल्या. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"बाई, तुमचा तांब्या आत ठिवत जा."

"का हो? चोरीला जातो का?"

"चोरीला कोण नेतंय तसला? मला येता-जाता दिसतो. बघवत न्हाई."

आणि तांब्या उचलून घेऊन गेल्या. संध्याकाळी आणून दिला तेव्हा तो माझाच आहे हे मला पटेना. पैसे विचारले तर म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांसाठी केला, तुमच्यासाठी न्हाई." आमची ओळख झाली ती अशी.

पुढच्या वर्षी, अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झाले असतील, मार्तंडराव वकील गल्लीत आले. जालन्यात त्यांना सगळे ओळखत. निजामाच्या काळापासून उर्दूतून वकिली केलेली, बोलणं हळू आणि अदबीचं. त्यांच्या मागं एक हातगाडी होती आणि तीवर गोधडीत गुंडाळलेली एक मोठी पेटी. गोधडी काढली तर सागवानी लाकडाचं एक कपाट दिसलं, माझ्या छातीएवढं उंच. पुढच्या बाजूला जाड कापड ताणून बसवलेलं, आणि त्या कापडावरून वरपासून खालपर्यंत बोटभर रुंदीच्या धातूच्या आठ पट्ट्या. पट्ट्या काळ्याकुट्ट पडल्या होत्या.

"ही लाउडस्पीकरची पेटी," वकीलसाहेब म्हणाले. "रेडिओ वेगळा असतो, आवाज हिच्यातून येतो. चौतीस साली हैदराबादेत घेतली. अठ्ठेचाळीसच्या गडबडीत आम्ही खामगावला गेलो तेव्हा ही सरकीच्या गोदामात लपवून ठेवली होती. तिथं पट्ट्यांचं हे असं झालं. आतलं यंत्र मी दुरुस्त करून घेतलंय. दसऱ्याला वाचनालय उघडतंय, तिथं ठेवायची आहे. लोकांना बातम्या ऐकता येतील, गाणं ऐकता येईल."

तुळजाबाई पेटीभोवती एक चक्कर मारून आल्या. "साहेब, हे भांडं न्हाई."

"भांडं नाही, पण धातूच आहे ना? राजूरच्या समया तुम्ही उजळता असं ऐकलं, म्हणून आलो."

ओट्यावरून भुजंगरावांनी विचारलं, "पट्ट्या कशाच्या हायेत?"

"पितळेच्याच असाव्यात," वकीलसाहेब म्हणाले. "नव्या होत्या तेव्हा फार चमकायच्या, एवढं मला आठवतं."

तुळजाबाईंनी काम घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बारीक पकडीनं एकेक खिळा उपटला. प्रत्येक पट्टीला एक दोरा बांधला. पहिलीच्या दोऱ्याला एक गाठ, दुसरीच्या दोऱ्याला दोन, असं आठपर्यंत. "ज्याची त्याची भोकं ज्याच्या त्याच्या जागी आली पाहिजेत," मला म्हणाल्या. खिळेही त्याच क्रमानं कागदाच्या पुड्यांत ठेवले. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या कामात कधी घोटाळा व्हायचा नाही.

त्या दिवशी शाळेतून आले तेव्हा भिंतीपलीकडून घासण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी चहा ठेवत होते तेवढ्यात त्यांची हाक आली.

"बाई, जरा अंगणात या. उजेडात बघा."

त्यांच्या हातात दोन पट्ट्या होत्या, तिसरी आणि सहावी. या दोन सगळ्यांत काळ्या होत्या म्हणून आधी घेतलेल्या. चिंच-राखेच्या काळ्या लगद्यात दोन्ही घासून झाल्यावर त्यांनी पाणी ओतलं होतं, आणि खालून निघालं होतं पिवळं धमक पितळ. मला वाटलं, छान झालं. मी तसं म्हणालेही.

"छान काय?" त्यांनी पट्टी तिरपी केली. "कडंला बघा."

दोन्ही कडांना, जिथं विटकर नीट पोचली नव्हती तिथं, एक पांढरी चंदेरी रेघ उरली होती. मधलं सगळं पिवळं.

त्या पट्टी घेऊन ओट्यावर गेल्या आणि नवऱ्याच्या हातात दिली. भुजंगरावांनी अंगठ्याचं नख पट्टीवर आडवं फिरवलं. एकदा, मग पुन्हा.

"हितं पायरी हाय," ते म्हणाले. "वर थर व्हता. तू घासून काढलास."

"कसला थर?"

"पाणी चढवलेलं व्हतं. पांढरं. पितळ खाली, पांढरं वर."

तुळजाबाई खाली बसल्या. वीस वर्षं हे काम करत होत्या. कल्हई त्यांना माहीत होती, ती जाड असते आणि आतून असते. बाहेरून शोभेसाठी चढवलेलं एवढं पातळ पाणी त्यांच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. काळ्या मळाखाली आणखी काही असेल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

"उरलेल्या साहीपण घासून काढ," भुजंगराव थोड्या वेळानं म्हणाले. "सगळ्या पिवळ्या झाल्या की कुणाला काय कळतंय? वकील सोता पितळ म्हणले व्हते. बाई ऐकत व्हत्या."

मी मान हलवली. ते खरंच होतं.

"वकील कागदाचा माणूस," तुळजाबाई म्हणाल्या. "धातू वळखायचं काम त्यांचं न्हाई. माझं व्हतं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी त्या माझ्याकडं आल्या, धुतलेलं लुगडं नेसून. दोन पट्ट्या जुन्या धडप्यात गुंडाळलेल्या. "संगं चला. मी बोलता बोलता अडकले तर तुम्ही सांगा." मी गेले, पण माझं काही काम पडलं नाही. वकीलसाहेब झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. तुळजाबाईंनी धडपा उलगडून पट्ट्या त्यांच्यासमोर सतरंजीवर ठेवल्या.

"साहेब, ह्या म्या बिघडवल्या. वर पांढरं पाणी व्हतं, ते मला कळलं न्हाई. बाकीच्या साहींना हात लावलेला न्हाई."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, पट्ट्या उचलून खिडकीजवळ नेल्या. दोन्ही बाजू उलटून बघितल्या. तुळजाबाई सरळ उभ्या होत्या.

"पितळ आहे असं मीच म्हणालो होतो," शेवटी ते म्हणाले.

"म्हणला व्हता. पर म्या बघून घ्यायला पाहिजे व्हतं."

ते हसले. "तुळजाबाई, माझा सगळा जन्म कोर्टात गेला. तिथं असं कुणी आपल्या पायानं येऊन बोलत नाही. असू द्या. सगळ्याच पिवळ्या करून टाका. वाईट नाही दिसणार."

"न्हाई साहेब. पांढऱ्या व्हत्या, पांढऱ्याच व्हतील. मला दसऱ्यापतोर मुदत द्या."

"कशा करणार?"

"ते आज ठावं न्हाई. इचारते."

परत येताना त्या सरळ सायकलच्या दुकानात शिरल्या. सायकलचा दांडा पांढरा चकचकीत असतो, हे त्यांच्या डोक्यात रात्रीच आलं होतं. दुकानदारानं सांगितलं, त्याला निकलचं पाणी म्हणतात, आणि गंज चढलेले दांडे तो औरंगाबादेला पाठवतो, सिटी चौकाच्या मागं हमीद मिस्त्रीकडं.

माझं माहेर औरंगाबादचं. पितृपक्षात शाळेला दोन दिवस जोडून सुटी आली, तेव्हा मी तुळजाबाईंना घेऊन सकाळच्या गाडीनं निघाले. भुजंगरावांच्या जेवणाची सोय त्यांनी शेजारी लावून दिली होती. घर सोडून एवढ्या लांब त्या पहिल्यांदाच चालल्या होत्या, पण खिडकीबाहेर फारसं बघितलं नाही. पट्ट्यांची गुंडाळी मांडीवर आडवी धरलेली. बदनापूरला गर्दी झाली, एक जण म्हणाला, मावशी, ते बाकाखाली सरकवा. "वाकलं तर तू सरळ करून देशील का?" असं त्यांनी विचारल्यावर तो उभाच राहिला.

हमीद मिस्त्रींचं दुकान म्हणजे एक लांबोडी खोली. मागच्या बाजूला हिरवट पाण्याचे दोन हौद, त्यावर आडव्या सळ्या, शेजारी मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. आंबट, घसा धरणारा वास. मिस्त्री साठीचे, किडकिडीत, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि लगेच विचारलं,

"विटकर लावली?"

"लावली."

"चिंच?"

"तीबी."

"देगचीवर करायचं काम इसपर कर दिया तुमने." ते रागावलेले नव्हते, पण हसलेही नाहीत. "पाणी मी चढवतो बाई. जुनं काढून नवं चढवतो. पर तुमची विटकरीची एकेक रेघ वर दिसंल. पाणी ऐब झाकत न्हाई, उलट दाखवतं. खाली आरशासारखं पाहिजे. तेवढं घासायला माझ्याकडं आता माणूस न्हाई. भाऊ होता, तो अठ्ठेचाळीस साली कराचीला निघून गेला."

"घासायचं मला येतं," तुळजाबाई म्हणाल्या.

"बघतो की," मिस्त्री म्हणाले.

मी रविवारी परत आले. त्या मात्र आमच्या घरी माझ्या आईजवळ चार दिवस राहिल्या. पुढचं मला थोडं त्यांच्याकडून कळलं आणि थोडं आईकडून.

पहिल्या दिवशी त्यांनी पट्टी घासून दाखवली आणि मिस्त्रींनी नुसती मान हलवून परत दिली. दुपारी पुन्हा परत दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा. तुळजाबाईंना फार लागलं. राजूरच्या देवाच्या समया उजळणारी बाई मी, असं त्या आईला म्हणाल्या, आणि रात्री जेवल्या नाहीत. पण सकाळी पुन्हा गेल्या आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "तुम्ही करून दाखवा. मी बघते."

मग मिस्त्रींनी दाखवलं. हात गोल फिरवायचा नाही, लांबीनं एकाच दिशेला न्यायचा. आधी कोळशाची वस्त्रगाळ पूड, मग तेलात कालवलेला खडू, मग कोरडा लोकरीचा तुकडा. एक झालं की हात धुवायचे, नखं साफ करायची, फडकं बदलायचं, आणि मगच पुढचं घ्यायचं. आधीच्या पुडीचा एक कण जरी पुढच्या फडक्यात राहिला तरी सगळी मेहनत वाया. तुळजाबाईंचा हात वीस वर्षं जोरावर चाललेला. तो हलका करायला त्यांना अख्खा दिवस लागला.

पारख करायची मिस्त्रींची रीत साधी होती. पट्टी खिडकीसमोर धरायची आणि तिच्यात खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब बघायचं. गज वाकडेतिकडे दिसले की परत. चौथ्या दिवशी दुपारी गज सरळ दिसले. मिस्त्रींनी पट्ट्या तारेला टांगल्या आणि हौदात सोडल्या.

मजुरीचं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. पाणी चढवून दिल्याबद्दल तुळजाबाईंनी मिस्त्रींचे अकरा सायकल-दांडे घासून दिले. आई मला पुढं कित्येक वर्षं सांगायची, "तुझी ती शेजारीण! संध्याकाळी दमून यायची आणि बसल्या बसल्या माझ्या घरातले कडीकोयंडे उजळायची. मी नको म्हटलं तर म्हणे, हात रिकामा ऱ्हाईला की झोप लागत न्हाई."

त्या जालन्याला आल्या तेव्हा घटस्थापना दोन दिवसांवर होती. स्टेशनावरून थेट घरी, आणि पट्ट्या नवऱ्याच्या हातात. भुजंगरावांनी नख फिरवलं, आडवं, उभं, कडांवरून.

"बराबर हाय. पायरी बिलकुल न्हाई."

तुळजाबाईंना मात्र अजून निर्धास्त वाटत नव्हतं. जुन्या सहा पट्ट्या त्यांनी आता रिठ्याच्या पाण्यात भिजवून मऊ फडक्यानं पुसल्या, चिंच-विटकरीला जवळ फिरकू दिलं नाही. मळ निघाला. खालून निघालं ते अठरा वर्षांचं जुनं पांढरं पाणी, जरा पिवळसर, जरा मंद. शेजारी या दोन नव्या ठेवल्या तर डोळ्यांवर तिरीप यावी तशा चमकत होत्या. आठांत दोन परक्या, लांबूनही ओळखू याव्यात.

"आता हो काय करायचं?" मी विचारलं.

"आता ह्यांना जरा जुनं करावं लागंल."

म्हणजे पुन्हा घासायचं. ज्या हातानं पाणी काढून टाकलं, त्याच हातानं नव्या पाण्यावर राख फिरवायची, आणि तीही मोजून. जास्त झालं की खालचं पितळ वर, कमी झालं की चमक तशीच. त्यांनी गोवरीची राख तीन वेळा चाळली, चौथ्या वेळी पातळ लुगड्यातून गाळली. कापसाच्या बोळ्याला तेल लावलं. एक हात फिरवायचा, पुसायचं, जुन्या पट्टीशेजारी ठेवून बघायचं. सकाळच्या उजेडात वेगळं दिसायचं, दुपारी वेगळं. त्या दुपारपर्यंत थांबायच्या आणि मगच दुसरा हात फिरवायच्या. असं चार दिवस चाललं. मी शाळेत जाताना बघायची, येताना बघायची. एकदा मी म्हटलं, "झालं की आता, सारख्या दिसतात." त्यांनी मान वर केली नाही. "तुम्हाला दिसत्यात," म्हणाल्या. आणखी दोन हात फिरवले आणि मग बोळा खाली ठेवून दिला. अजून एखादा फिरवावा असं वाटत होतं का, असं मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "वाटत व्हतं, म्हूनच थांबले."

दसऱ्याला वाचनालयाच्या पायऱ्यांपर्यंत माणसं उभी होती. पेटी टेबलाशेजारी ठेवलेली, झेंडूची माळ घातलेली. तुळजाबाई बायकांच्या बाजूला शेवटी, भुजंगरावांचा हात धरून. भाषणं झाली, रेडिओ लावला, आधी खरखर आली आणि मग त्या आठ पट्ट्यांच्या मागून एक स्वच्छ, खर्जातला आवाज बातम्या सांगू लागला. लोक पेटीच्या तोंडाकडं बघत होते, जणू आत कुणी बसलं आहे. पट्ट्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

गर्दी पांगल्यावर वकीलसाहेब आमच्याकडं आले. "तुळजाबाई, मी मघापासून बघतोय. कोणत्या दोन?"

"तिसरी आणि सहावी."

ते परत पेटीपाशी गेले, वाकून बघितलं, बोट फिरवलं. आले तेव्हा म्हणाले, "मला नाही ओळखता आल्या." तुळजाबाईंनी पदर नीट केला. भुजंगराव म्हणाले, "चला, आता घरी जल्दी. पाय दुखून राह्यले." एवढंच. पण त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून पहिल्यांदाच मला दोघांच्या हसण्याचा आवाज आला.

वकीलसाहेबांनी मात्र ती गोष्ट बाररूमपासून बाजारापर्यंत सगळीकडं सांगितली, बिघडवल्याची आणि सुधारल्याची, दोन्ही. माझ्या मनात आलं, बिघडवल्याचं कशाला सांगायचं? पण झालं उलटंच. लोक त्यामुळंच वस्तू विश्वासानं आणू लागले. टॉकीजवाल्यानं पडद्यामागच्या स्पीकरच्या पेट्यांच्या कडा पाठवल्या. हॉटेलवाल्यांचे रेडिओ आले, टांग्यांचे कंदील, हार्मोनियमच्या कड्या, बँडवाल्यांचे कर्णे. गल्लीत हळूहळू हातोड्या कमी होत होत्या, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी स्वस्त झाली होती, पण या एका घरात काम वाढत गेलं. पाणी चढवायला माल महिन्यातून एकदा औरंगाबादेला हमीद मिस्त्रींकडं जायचा आणि परतीच्या खोक्यात मिस्त्री खडूची पुडी घालून पाठवायचे.

भुजंगराव ओट्यावरून आत आले. वाकलेल्या पट्ट्या लाकडी ठोकळ्यावर ठेवून, बोटांनी चाचपत, लाकडी हातोडीनं ते सरळ करायचे. नुसत्या बोटांनी त्यांना केसाएवढा बाक कळायचा. नव्यानं आलेल्या वस्तूला तुळजाबाई आधी मागून, न दिसणाऱ्या जागी, लिंबाचा एक थेंब लावून बघायच्या आणि मगच काम घ्यायच्या. एकदा अंबडचा एक व्यापारी पोचे पडलेली पेटी घेऊन आला. वरून पाणी चढवा, पोचे दिसायला नकोत, असं त्याचं म्हणणं. त्यांनी त्याला खिडकीपाशी नेऊन एक चकचकीत दांडा दाखवला, त्यातला ओरखडा दाखवला, आणि पोचे आधी काढावे लागतील, त्याला पंधरा दिवस लागतील, असं सांगितलं. तो कुरकुरला आणि पेटी ठेवून गेला.

सत्तावन्न साली गावात डोळ्यांचं शिबिर भरलं. भुजंगराव जायला तयार नव्हते. "माझं काय अडलंय आता?" असं विचारायचे. तुळजाबाईंनी त्यांना टांग्यात बसवून नेलं. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, पट्ट्या बांधून कित्येक दिवस पडून राहिले, आणि मग जाड भिंगांचा चष्मा लागला. घरी आले त्या सकाळी मीही तिथं होते. त्यांनी आधी बायकोकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं.

"तुझे केस कधी पिकले?"

"तुम्ही बसून व्हता तवा," तुळजाबाई म्हणाल्या. आणि त्या पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या.

मग भुजंगरावांनी कामाची जागा बघितली. भिंतीशी लावलेल्या पट्ट्यांतली एक उचलली, दारात नेली, चष्म्यासमोर धरून फिरवली.

"अगं, ही रेघ काय हितं?"

"कुठं?"

"ही काय. बोटाला लागत न्हाई, पर डोळ्याला लागून राह्यली."

तुळजाबाई बाहेर आल्या, कमरेवर हात. "पाच वर्षं बरं चाललं व्हतं."

पण पट्टी त्यांनी घेतली आणि पुन्हा खडूच्या फडक्यानं पुसायला बसल्या. त्या दिवसापासून त्या घरात रोज वाद. हा कोपरा झाला का नाही, इथं हात जास्त पडला, तिथं कमी. सकाळी सुरू झालेला वाद जेवायच्या वेळेपर्यंत चालायचा. मी वह्या तपासताना ऐकत बसायची. दोघांपैकी कुणी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

साठ साली माझी बदली अंबडला झाली. निघायच्या दिवशी टांगा दारात येऊन उभा राहिला तेव्हाही दोघांचं चालूच होतं, कुठल्याशा पेटीच्या कोपऱ्यावर बसवायच्या धातूच्या टोपीवरून. टांगेवाल्यानं हाक मारली तशा तुळजाबाई हात पुसत बाहेर आल्या. माझ्या सामानाकडं नजर टाकली, दोरी ढिली आहे म्हणाल्या, आणि टांगेवाल्याला बाजूला करून ती स्वतः आवळून बांधली.

"पत्र टाकत जा, बाई," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कोण वाचून दाखवणार?"

"हे हायेत की. ह्यांना वाचता येतं आणि आता दिसतंबी." मग जरा थांबून, दाराकडं बघत हळूच म्हणाल्या, "अक्षर मातर मोठं काढा. न्हाई तर त्यातबी रेघा शोधत बसतील."